पंधरा मिनिटांत पास झालेली कोळंबी

दिंडोरी रस्त्यालगतच्या एका शीतगृहात मी अडीच वर्षं कोळंबी पास करायचं काम केलं. ते शीतगृह मुळात द्राक्षांसाठी बांधलेलं. हंगाम संपला की मोठाल्या थंड खोल्या रिकाम्या पडायच्या. नाशकात हॉटेलं, ढाबे, कंपन्यांची कॅन्टीनं वाढत चालली होती, म्हणून मालकांनी त्या खोल्यांत मासळी भरायला सुरुवात केली. गुजरातकडून तळ्यातली कोळंबी थर्माकोलच्या खोक्यांत, बर्फात घालून, पेठच्या घाटातून यायची. आमच्याकडे ती सोलायची, पोटातला काळा दोरा काढायचा, धुवायची, गोठवायची आणि किलोच्या पिशव्यांत भरून संध्याकाळी रवाना करायची. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केलेली, म्हणून मला 'क्वालिटी'चं पद आणि एक पांढरा कोट मिळाला होता.

पहिल्या आठवड्यात मला दोनदा उलटी झाली. मासळीच्या ताज्या वासाचं काही नव्हतं, तो मला लहानपणापासून ठाऊक होता. माझं माहेर सायखेड्याचं. गोदावरीत धरलेले मासे आमच्या घरात नेहमी व्हायचे. पण इथला वास वेगळा होता. सोलायच्या टेबलांखालून एक उघडी नाली जायची. तिच्यात सालं, डोकी, काळे दोरे आणि गुलाबी-करडं पाणी साचून राहायचं. त्यावर साय धरावी तसा एक थर यायचा. दुपारी चहा आला की त्या चहालाही तोच वास. घरी येऊन दोनदा न्हायलं तरी केसांत तो राहायचा. पुढे सवय झाली. या सवयीचीच मला आज जास्त घाण वाटते.

मालक द्राक्षांच्या निर्यातीतले जुने माणूस. बोलायला गोड, कुणावर आवाज न चढवणारे. त्यांचं एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं. "मॅडम, द्राक्षात मी एवढंच शिकलो. रिपोर्ट हाच माल असतो. माल नंतर."

सुरुवातीला दर लॉटचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचा. तिथे त्यातले जंतू प्लेटवर वाढवून पाहायचे. उत्तर यायला चार-पाच दिवस लागत. तोवर माल थांबवून ठेवावा लागे आणि हॉटेलवाले फोनवर फोन करत. मग एक दिवस पुण्याहून एक किट विकणारा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप, नालीजवळून जाताना नाकाला रुमाल. त्याने टेबलावर एक पट्टी ठेवली. कोविडच्या वेळी घरोघर पाहिली तशीच. एका खळग्यात तीन थेंब टाकायचे आणि थांबायचं. एक रेघ उमटली तर साल्मोनेला, म्हणजे जुलाब-तापाचा जंतू, नाही; दोन उमटल्या तर आहे.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातलं माहितीपत्रक घेतलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना आधी पोषक द्रावणात घालून रात्रभर उबेत ठेवावा. त्याचं कारण सोपं आहे. पंचवीस ग्रॅम कोळंबीत साल्मोनेलाचा एकही जंतू नको, असा नियम. पण पट्टीला एक दिसत नाही, शंभरही दिसत नाहीत. तिला लाखोंनी लागतात. म्हणून आधी वाढवायचे, मग पट्टी लावायची.

"रात्रभर वाढवायचं आहे ना हे?" मी विचारलं. "मग पंधरा मिनिटं कुठली?"

"ते तर करायचंच मॅडम," तो हसून म्हणाला. "पण नुसतं स्क्रीनिंग म्हणून डायरेक्टपण चालतं."

मालकांनी त्यातला 'चालतं' एवढाच शब्द ऐकला.

पहिले दोन महिने मी हट्टाने नीट केलं. एक छोटा इनक्युबेटर घ्यायला लावला. आज आलेल्या मालाचा नमुना आज उबेत ठेवायचा आणि उद्या सकाळी पट्टी. त्या दोन महिन्यांत दोनदा दोन रेघा आल्या. दोन्ही वेळा मालकांनी पुन्हा करायला सांगितलं आणि दोन्ही वेळा पुन्हा दोनच आल्या. तो माल परत गेला. दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सकाळी आलेला माल मला संध्याकाळी पाठवायचाय. तुमचा तो रात्रभरचा कार्यक्रम मला परवडत नाही. तो पोरगा डायरेक्ट चालतं म्हणाला ना?"

"सर, डायरेक्ट केलं तर काही दिसणारच नाही."

"नाही दिसलं तर चांगलंच की."

मी तेव्हा उठून जायला हवं होतं. मी उठले नाही. नवऱ्याची बदली बंगळुरूला झालेली, मी अण्णांसाठी, म्हणजे वडलांसाठी, नाशकात थांबलेली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि घराजवळ दुसरी नोकरी नव्हती. ही सगळी कारणं खरी होती. त्यातलं एकही पुरेसं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी कोळंबी धुतलेलं पाणी थेट पट्टीवर टाकायला लागले. दर वेळी एक रेघ यायची. मी पट्टीचा फोटो काढायचे, कागदाला लावायचे आणि खाली सही करायचे. नंतर कधी, एकदाही, दोन रेघा आल्या नाहीत.

सोलणाऱ्या बायका पंधरा-सोळा होत्या, बहुतेक पेठ आणि हरसूलकडच्या. भात लावणीला गावी जायच्या आणि ती उरकली की परत यायच्या. त्यांच्यातली एक पन्नाशीची बाई सगळ्या टेबलांवर नजर ठेवायची. तिला सगळ्या मावशी म्हणत, मीही म्हणायचे. तिची बोटं पाण्याने कायम फुगलेली, पांढरी असायची, नखांच्या कडा कोळंबीच्या काट्यांनी फाटलेल्या. एकदा उन्हाळ्यात एक खोकं उघडल्यावर तिने मला हाक मारली.

"म्याडम, इकडं या. हा माल बरा नाय."

मी वाकून पाहिलं. कोळंबीवर बुळबुळीत पाणी होतं, डोकी काळी पडून गळायला लागली होती, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. बर्फ केव्हाच वितळला होता.

"हाताला लिबलिबीत लागतो," मावशी म्हणाली. "असा माल आमी घरी कुत्र्याला नाय टाकणार."

मी पट्टी लावली. एक रेघ. मालक शेजारी येऊन उभे राहिले, पट्टी हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "निगेटिव्ह आहे. क्लोरीनच्या पाण्यातून दोनदा काढा आणि बर्फ मारा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "टेस्ट निगेटिव्ह आली आहे मावशी."

"तुमची पट्टी वास घेती का?" ती म्हणाली आणि खोकं ओढून बसली.

त्या दिवशी ती कोळंबी दोनदा क्लोरीनमधून निघाली. वास गेला आणि पोहण्याच्या तलावासारखा दुसरा वास आला. संध्याकाळी ती पिशव्यांत बंद होऊन गेली. कुठल्या तरी ताटात, लिंबू पिळून, वर कोथिंबीर टाकून ती कुणीतरी खाल्ली असणार.

त्यानंतर काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायका बाहेर झाडाखाली डबे घेऊन बसलेल्या असताना, मी एक गोष्ट केली. एका चमच्याने नालीतलं पाणी घेतलं. वरची साय बाजूला केली, खालचं दाट पाणी घेतलं, आणि त्याचे तीन थेंब पट्टीवर टाकले. पंधरा मिनिटं मी तिच्यासमोर उभी होते. एक रेघ. दुसरी पट्टी घेतली. एक रेघ. तिसरी घेतली आणि या वेळी नालीच्या तोंडाशी, जिथे बायकांच्या मोरीचं पाणीही येऊन मिळायचं, तिथलं पाणी घेतलं. एकच, ठसठशीत, गुलाबी रेघ. माझ्या कागदांच्या भाषेत ते गटार पास झालं होतं.

मी तिन्ही पट्ट्या घेऊन केबिनमध्ये गेले. "सर, हे नालीचं पाणी आहे. हेही पास झालं."

मालकांनी पट्ट्यांकडे पाहिलं आणि हसले. "म्हणजे आपली नाली पण चांगली आहे."

मी किटवाल्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, हे किट सांडपाण्यासाठी नाहीये. सांडपाण्याचं आमचं वेगळं किट येतं. पाठवू का डेमोला?"

फोन ठेवल्यावर मी हात धुतले. साबणाने, मग स्पिरिटने, मग पुन्हा साबणाने. त्या दुपारी मी डबा खाल्ला नाही. पण संध्याकाळी चार लॉटच्या कागदांवर सह्या केल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच घडलं.

आषाढात मागणी दुप्पट व्हायची. श्रावण लागायच्या आत लोकांना मटण-मासे खाऊन घ्यायचे असतात, आणि समुद्रातली मासेमारी त्या दिवसांत बंद, त्यामुळे आमच्या गोठवलेल्या मालावर उड्या पडायच्या. त्या वर्षी मालकांनी आम्हा सगळ्यांना आखाडाची म्हणून एकेक किलोची पिशवी दिली. त्या लॉटची कोळंबी खरोखर देखणी होती. घट्ट, निळसर, चकचकीत. मावशीने स्वतः एक नाकाशी धरून पाहिली होती. "असा माल रोज आला पायजे," ती म्हणाली होती. पट्टीही अर्थातच एका रेघेची होती आणि खाली सही माझी होती.

अण्णांचं ऑपरेशन होऊन ते माझ्याकडे म्हसरूळला राहायला आले होते. पिशवी पाहून त्यांना आनंद झाला. मी कोळंबी ओट्यावर सुटी व्हायला ठेवली. पाणी सुटून ते भाजी चिरायच्या लाकडी पाटावर सांडलं. मी ते फडक्याने पुसलं, पाट नळाखाली नुसता खंगाळला आणि त्याच पाटावर कोशिंबिरीसाठी काकडी चिरली. एरवी मी असं कधी करत नाही. बाजारातल्या कोंबडीला हात लावल्यावर मी अर्धं स्वयंपाकघर धुऊन काढते, नवरा त्यावरून चेष्टा करतो. पण ही पिशवी पास झालेली होती. ती कशी पास झाली हे जगात सगळ्यात जास्त मला माहीत होतं, आणि तरी पिशवीवरच्या छापील 'तपासलेले' या शब्दाने माझेच हात सैल झाले.

कोळंबीचा रस्सा मी चांगला वीस मिनिटं उकळला. त्यात काही उरलं नसणार. जे होतं ते कोशिंबिरीत होतं. मला दही आवडत नाही, म्हणून मी ती खाल्ली नाही. अण्णांनी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना थंडी वाजायला लागली. संध्याकाळपर्यंत जुलाब, उलट्या आणि अंग भाजणारा ताप. बहात्तर वर्षांचे, शेतात राबलेले माझे वडील न्हाणीघराच्या दाराला धरून उभे होते, धोतर खराब झालेलं, आणि मला म्हणत होते, "तू इकडं येऊ नको, पोरी. मी करतो माझं." मी फरशी पुसली, कपडे बादलीत टाकले. त्यांना आधार देऊन रिक्षात बसवलं तेव्हा त्यांचं अंग पिसासारखं हलकं लागलं.

जवळच्या दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासायला शौचाचा नमुना पाठवला. मी विचारलं, कधी कळेल. "कल्चर आहे," ते म्हणाले. "वाढायला दोन-तीन दिवस तरी जातील. त्याला घाई करता येत नाही."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. साल्मोनेला.

अर्धी पिशवी माझ्या फ्रीजरमध्ये शिल्लक होती. माझी एक वर्गमैत्रीण सातपूरला एक लहानशी प्रयोगशाळा चालवते. मी पिशवी आणि माझ्या कपाटातल्या दोन पट्ट्या घेऊन तिच्याकडे गेले. आम्ही कोळंबी कुटली. एक पट्टी तशीच लावली. एक रेघ. मग उरलेला नमुना रात्रभर उबेत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे तीन थेंब दुसऱ्या पट्टीवर टाकले, आणि पंधरा मिनिटं पुरी व्हायच्या आतच दुसरी रेघ उमटली. पुढच्या दिवशी लाल माध्यमाच्या प्लेटवर मधोमध काळ्या, साल्मोनेलाच्या जंतूंच्या कॉलन्या आल्या, खसखशीसारख्या दाट.

मैत्रिणीने दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग म्हणाली, "पट्टी तर चांगली आहे ग."

पट्टी चांगलीच होती. तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिला ज्याचं उत्तर देता येत नाही ते आम्ही तिला रोज विचारत होतो आणि ती गप्प राहिली की 'नाही' असं लिहून घेत होतो.

मी दवाखान्यात परत आले तेव्हा अण्णा उशीला टेकून पेज पीत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काय निघालं?"

"कोळंबीतूनच झालं अण्णा."

"तू तपासली होती ना ती?"

"हो."

"मग?"

मी त्यांना सगळं सांगितलं. इनक्युबेटर, पट्टी, नालीचं पाणी, सह्या. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आपल्याकडं एक पिशवी आली. बाकीच्या किती जणांकडं गेल्या?"

मला आकडा माहीत होता. मी तो त्यांना सांगितला नाही.

त्याच दुपारी मी शीतगृहात गेले. मालकांनी प्लेटचे फोटो नीट पाहिले, अण्णांची चौकशी केली, दवाखान्यात फळं पाठवतो म्हणाले. मग खुर्ची मागे सरकवली.

"पिशवी तुमच्या घरी फोडलेली होती, मॅडम. फ्रीजमध्ये, ओट्यावर, कुठंही लागलं असेल. कसं सिद्ध करणार?"

"सर, सिद्ध करायचं म्हणत नाही मी. ज्यांच्याकडे तो लॉट गेलाय त्यांना कळवा. उरला असेल तेवढा परत मागवा."

"आखाडात?" ते म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी तिथेच राजीनामा लिहिला. माझ्या टेबलावरचं त्या दिवशीचं काम त्यांनी स्वतः हाती घेतलं. निघताना मी काचेतून पाहिलं, ते चष्मा वर करून पट्टीवर थेंब मोजत होते.

बाहेर मावशी भेटली. मी तिला विचारलं, तिच्या घरी कुणी आजारी पडलं का. ती म्हणाली, "नाय, आमी सगळी एका भगुन्यात रटारटा शिजवली. कुणाला काय झालं नाय." मग मी तिला अण्णांचं सांगितलं. ती आपल्या फुगलेल्या बोटांकडे बघून म्हणाली, "पन वास तर लय चांगला व्हता, म्याडम. मी सोता पाहिला." तिच्या नाकावर माझा जो विश्वास बसला होता तोही तिथेच संपला. सडलेला माल नाकाला कळतो. साल्मोनेलाला वास नसतो.

रवानगीच्या कागदांवरून मला गिऱ्हाइकं पाठ झाली होती. मी पुढचे दोन दिवस फोन करत बसले. एका हॉटेलवाल्याने, तुम्ही कोण, असं विचारून फोन ठेवला. एका ढाब्यावरचा माणूस म्हणाला की माल कालच संपला आणि कुणाची तक्रार नाही. एका कंपनीच्या कॅन्टीनचा आचारी मात्र बराच वेळ ऐकत राहिला. "आमच्याकडं त्या दिवसानंतर दहा-बारा माणसं घरी बसली होती," तो हळूच म्हणाला. "आम्ही म्हटलं पाणी बदललं असेल." उरलेल्या पिशव्या त्याने त्याच वेळी कचऱ्याच्या पाटीत ओतल्या, त्याचा आवाज मला फोनवर आला. अन्न खात्याकडेही मी लेखी तक्रार दिली. अधिकारी आले, त्यांनी नमुने घेतले. तोवर तो लॉट संपलेला होता. नव्या मालाचे नमुने चांगले निघाले, असं मला नंतर कळलं. ते चांगलेच असतील. दर लॉट वाईट नसतो, म्हणूनच तर हे चालतं.

अण्णा सहा दिवसांनी घरी आले. चालताना अजून भिंतीचा आधार घेतात. दिवाळीनंतर ते सायखेड्याला परत गेले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मासे सोडले. भावजय सांगते, नदीवरून कुणी ताजे आणून दिले तरी ते ताट बाजूला सारतात.

मी आता मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आम्हीही त्याच पट्ट्या वापरतो, नमुना रात्रभर वाढवून, आणि दोन रेघा आल्या की प्लेटवर खात्री करून. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सुरमईचे तुकडे. नवीन दुकान काढायचं होतं, भिंतीवर लावायला रिपोर्ट हवा होता.

"कधी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"पाच दिवस."

"पंधरा मिनिटांचं असतं ना काहीतरी?"

"असतं," मी म्हणाले. "पण त्यात तुम्हाला हवं ते कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवते आहे. मग पिशवी उचलली, दुसऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता विचारायला कुणाला तरी फोन लावला आणि बोलत बोलत जिना उतरून गेले. पिशवी ठेवली होती तिथे टेबलावर लालसर पाण्याचं एक थारोळं राहिलं होतं. मी हातमोजे घातले, ते पुसलं, औषध मारलं आणि पुन्हा एकदा पुसलं.